केस ओळखावा तो मुळावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. केस हे सस्तन प्राण्यांचं खास लक्षण असं शाळेत शिकवतात. मग सुरवंटाच्या, कोळ्याच्या, माशीच्या अंगावर दिसतात ते काय? पानांवरची लव काय? देवमासा सस्तन, पण त्याचे केस कुठे गेले? गेंड्याचं शिंग आणि खवल्या मांजराचे खवले केसांचेच असतात हे खरं का? आणि केस मेलेला असतो तर तो वाढतो कसा, पांढरा कसा होतो?

मी केसांच्या सूक्ष्मदर्शकी तपासणीचं काम करतो. मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेत निघालेले केस, कातड्याच्या तुकड्यावरचे केस, ब्रशात वापरलेले केस अशी पाकिटं येतात आणि "प्राणी कोणता" एवढंच सांगायचं असतं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि सगळीकडे सारखं लांबणार नाही.

सरळ उत्तर आधी देतो. खरा केस फक्त सस्तन प्राण्यांना असतो. बाकी ठिकाणी दिसतं ते केसासारखं असतं, पुष्कळदा केसाचंच काम करतं, पण घडलेलं असतं वेगळ्याच रीतीने. बारीक, लांब, लवचिक धागा सजीवांत इतक्या वेळा स्वतंत्रपणे उपजला आहे की नुसत्या आकारावरून नातं जोडायला गेलं की हमखास फसगत होते. टोक पाहून काही कळत नाही. तो उगवतो कुठून, किती पेशींचा आहे आणि कशाचा बनलाय, हे पाहावं लागतं.

सस्तन प्राण्याचा केस केशकूपातून उगवतो. केशकूप म्हणजे त्वचेतलं नुसतं भोक नव्हे, तो एक छोटा अवयवच आहे. गर्भात बाह्यत्वचेवर एक बारीक ठिपका जाड होतो, त्याच्या बरोबर खाली अंतस्त्वचेतल्या पेशी गोळा होतात, दोघांत रासायनिक निरोपांची ये-जा सुरू होते आणि ठिपका खाली शिरत शिरत तिरपी नळी तयार होते. नळीचं बूड फुगीर असतं. बुडाला खालून खळगा, आणि खळग्यात अंतस्त्वचेच्या पेशींचा पुंजका. त्याला पॅपिला म्हणतात. पॅपिलाभोवतीच्या पेशी ज्या झपाट्याने विभागतात तेवढ्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशी शरीरात फार थोड्या. कर्करोगावरची काही औषधं नेमक्या अशाच पेशींना मारतात, म्हणून त्या उपचारात केस जातात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्या लांबट होतात, केराटिन या प्रथिनाने ठासून भरतात, केंद्रक गमावतात आणि त्वचेबाहेर येण्याच्या बऱ्याच आधी मरतात. म्हणजे मेलेला केस स्वतः वाढत नाहीच; खालचं जिवंत बूड त्याला बाहेर सारत राहतं.

कापल्याने किंवा भादरल्याने केस दाट उगवत नाही, तेही याच कारणाने. वस्तऱ्याची बातमी बुडापर्यंत पोचायला वाटच नाही. भादरलेली जागा राठ लागते, कारण केसाचं मूळचं निमुळतं टोक गेलेलं असतं आणि सपाट कापलेलं टोक हाताला लागतं. मेल्यावर केस वाढतात ही समजूतही त्यातलीच. त्वचा वाळून आक्रसते आणि आत दडलेला केसाचा भाग उघडा पडतो, इतकंच.

माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केशकूप असतात, त्यातले लाखभर डोक्यावर. सगळे जन्माआधीच तयार होतात. टक्कल पडतं तेव्हाही बरेचसे कूप जागेवरच असतात, फक्त आकाराने लहान झालेले, आणि त्यांतून जाड केसाऐवजी दिसेल न दिसेल अशी लव येते. प्रत्येक कूप आपापल्या पाळीने चालतो. डोक्यावर वाढीची पाळी साधारण २ ते ६ वर्षं. मग दोन-तीन आठवड्यांत बूड आक्रसतं. मग सुमारे तीन महिने विश्रांती. मग जुना केस गळून त्याच कूपातून नवा येतो. वेग महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. भुवई डोळ्यावर लोंबत नाही, कारण तिची वाढीची पाळी मोजक्या महिन्यांचीच. माणसात शेजारशेजारच्या कूपांच्या पाळ्या जुळत नाहीत, म्हणून रोज ५० ते १०० केस गळूनही डोकं उघडं पडत नाही. जोराचा ताप किंवा बाळंतपण यांसारख्या धक्क्याने बरेच कूप एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष शाम्पूला मिळतो.

थंड प्रदेशातल्या प्राण्यांत या पाळ्या मुद्दामच जुळवलेल्या असतात. दिवस लहान होऊ लागला की मेलाटोनिन या संप्रेरकाचं प्रमाण बदलतं, आणि त्या इशाऱ्यावर सगळे कूप मिळून जुना पोशाख टाकून नवा चढवतात. उत्तरेकडचा बर्फातला ससा हिवाळ्यात पांढरा होतो तो असा. असलेल्या तपकिरी केसांचा रंग उडत नाही. ते गळतात आणि पांढरे उगवतात.

आता केस सूक्ष्मदर्शकाखाली घेऊ, कारण "केस म्हणजे काय" याचं खरं उत्तर तिथे दिसतं. सर्वांत बाहेर क्युटिकल असतं: चपट्या, पारदर्शक पेशींचे थर, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, मोकळी कड टोकाकडे. केस बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे ओढा, मग उलट ओढा. उलट दिशेला किंचित अडतो. त्याच्या आत कॉर्टेक्स, म्हणजे केराटिनने भरलेल्या लांबट पेशींची घट्ट जुडी. केसाची ताकद हिची, आणि बहुतेक रंगही हिच्यातल्या मेलॅनिनच्या कणांचा. मधोमध मेड्युला: सैल पेशी आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा. बारीक केसात ती पुष्कळदा नसतेच.

क्युटिकलची नक्षी पाहायची रीत अगदी साधी आहे. काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, धुऊन वाळवलेला केस त्यावर अलगद ठेवायचा, थर सुकला की केस उचलून टाकायचा. मागे राहिलेला ठसाच पाहायचा, केस नव्हे. हरणाच्या राठ केसाच्या ठशात कडा लाटांसारख्या आडव्या पसरलेल्या दिसतात. मांजराच्या केसात, विशेषतः मुळाजवळ, प्रत्येक पेशी टोकदार होऊन पाकळीसारखी बाहेर झुकलेली. वटवाघळाचा केस पाहिला की मला अजूनही मजा वाटते: एकात एक बसवलेल्या पेल्यांची रांग, आणि आत मेड्युलाचा बहुधा पत्ताच नाही. मेड्युला पाहायला दुसरी पट्टी करावी लागते. सशाच्या राठ केसात हवेच्या खणांच्या अनेक रांगा शेजारीशेजारी उभ्या असतात. हरणाच्या केसात खणांची जाळी जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापते, कॉर्टेक्स नावापुरता उरतो, आणि म्हणून तो केस दुमडला की मटकन मोडतो. माणसाच्या केसात मेड्युला असलीच तर बारीक आणि तुटक; तिची रुंदी केसाच्या एक-तृतीयांशाहून कमी भरते, तर बहुतेक प्राण्यांत ती निम्म्याच्या वर जाते. केस माणसाचा की प्राण्याचा, हे त्या एका मोजणीत बहुतेक वेळा कळून जातं.

रंगाचंही तेच. मेलॅनिन दोन जातींचं: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळट-तांबूस. मुंगसाचा एकच केस घेतला तर त्यावर गडद-फिकट पट्टे एकाआड एक दिसतात, कारण केस वाढत असताना बुडातल्या रंगपेशींना ठरावीक वेळाने या जातीवरून त्या जातीवर जाण्याचा हुकूम मिळत होता. अंगावर दिसतो तो मिठमिरी रंग अशा हजारो पट्टेदार केसांचा.

केराटिनबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो. त्याचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जखडलेले असतात. जळालेल्या केसाची घाण येते ती गंधकामुळे. केस कायमचे कुरळे किंवा सरळ करणारी काही रसायनं हेच बंध तोडून नव्या आकारात पुन्हा जुळवतात. आर्सेनिक गंधकाला चिकटतं, म्हणून विषप्रयोगाची खूण केसात राहते, आणि महिन्याला सेंटिमीटर या हिशेबाने ती साधारण केव्हाची तेही काढता येतं.

आता केस कशासाठी. सगळे म्हणतात उबेसाठी. ते चूक नाही, पण ऊब केस देत नाही, केसांमध्ये कोंडलेली हवा देते. समुद्री पाणमांजराचं उदाहरण सर्वांत बोलकं. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याला नाही. त्याऐवजी एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाहून अधिक केस. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर असतात त्याहून जास्त. आतल्या बारीक लोकरीच्या क्युटिकलचे दाते एकमेकांत अडकतात, त्यांत हवा धरून ठेवली जाते आणि थंडगार पाणी कातडीला लागतच नाही. हा प्राणी दिवसाचा बराच वेळ अंग साफ करण्यात घालवतो, आणि त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. तेलगळती झाली की लोकर चिकटते, हवा निघून जाते आणि पाणमांजर गारठून मरतं.

ध्रुवीय अस्वलाबद्दल मात्र एक गोष्ट फार पसरली आहे: त्याचे पोकळ केस प्रकाश काचेच्या तंतूसारखा कातडीपर्यंत नेतात म्हणे. केस बिनरंगी आणि आतून पोकळ आहेत, कातडी काळी आहे, इथपर्यंत सगळं खरं. पण प्रत्यक्ष मोजल्यावर दिसलं की केराटिन प्रकाश वाटेतच शोषून घेतं आणि कातडीपर्यंत जवळजवळ काही पोचत नाही. अस्वल पांढरं दिसतं कारण पोकळीवर प्रकाश विखुरतो. त्या पोकळीचा खराखुरा किस्सा वेगळाच आहे. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली ध्रुवीय अस्वलं हिरवी झाली होती आणि १९७९ साली कारण प्रसिद्ध झालं: शैवाल केसांच्या आतल्या पोकळीत वाढत होतं. स्लॉथ या झाडावर लटकणाऱ्या संथ प्राण्याच्या केसांवरही हिरवं शैवाल असतं, पण ते केसाच्या पृष्ठभागावरच्या खाचांमध्ये आणि भेगांमध्ये.

केसाचं दुसरं काम स्पर्शाचं. माझ्या मते पहिलंच. अंगावरचा प्रत्येक केस म्हणजे एक तरफ आहे. केसाला स्वतःला काही कळत नाही, पण तो जरा हलला की कूपाभोवती वेटाळलेले चेतातंतू चाळवतात. मिश्यांमध्ये ही सोय पराकोटीला गेलेली असते. मिशीच्या कूपाभोवती रक्ताने भरलेली पिशवी असते आणि त्यात शेकडो चेतातंतू येऊन पोचतात. उंदीर-घुशी मिश्या सेकंदाला अनेक वेळा मागेपुढे फिरवत अंधारात भिंत चाचपतात. उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा एकेक वेगळा गट असतो, ज्या रांगेत मिश्या त्याच रांगेत. सीलच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पाण्यात छोटी पाणबुडी सोडली, तर तिच्यामागे राहिलेल्या पाण्याच्या खळबळीचा माग सील नुसत्या मिश्यांनी काढतो. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. नागव्या उंदरासारखा दिसणारा, बिळात राहणारा नेकेड मोल रॅट जवळजवळ केसहीन आहे, पण अंगावर जे थोडे विरळ केस शिल्लक आहेत ते स्पर्शाचे. ऊब सोडून दिली, स्पर्श सोडला नाही. समुद्रगायीचंही तेच: अंगभर विखुरलेले तिचे सगळे केस मिशीच्या जातीचे आहेत.

देवमाशाचं उत्तर इथेच मिळतं. त्याने लोकर टाकली, कारण सतत पाण्यात असणाऱ्या मोठ्या प्राण्याला चरबी जास्त परवडते. पण केस पुरते गेले नाहीत. हंपबॅक देवमाशाच्या डोक्यावरच्या प्रत्येक गाठीत एकेक केस असतो. डॉल्फिनच्या पिलाला जन्मतः तोंडाच्या चुंचीवर मोजके केस असतात, ते लवकरच गळतात आणि खळगे राहतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गियाना डॉल्फिनमध्ये त्या रिकाम्या खळग्यांना क्षीण विद्युतक्षेत्र जाणवतं असं दिसून आलं आहे. केस गेला, कूप नव्या कामाला लागला.

म्हणूनच "स्पर्श आधी, ऊब नंतर" हे जुनं मत मला पटतं. विरळ केसांनी ऊब मिळत नाही, तेव्हा पहिले थोडेसे केस त्यासाठी टिकले असतील हे अवघड. पण एक केससुद्धा स्पर्शाला उपयोगी पडतो. हा युक्तिवाद आहे, पुरावा नव्हे. जीवाश्मांत केस क्वचितच टिकतात. चीनमधला कॅस्टोरोकॉडा हा पाण्यात वावरणारा प्राणी सुमारे १६.४ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या ठशात राठ केस आणि आतली लोकर असा दुहेरी पोशाख आधीच तयार दिसतो. म्हणजे सुरुवात त्याच्याही मागे कुठेतरी.

आणखी मागे गेलं तर केस, पीस आणि खवला यांचं नातं लागतं. त्वचेवरचा तो सुरुवातीचा जाड ठिपका पक्ष्यांच्या गर्भात दिसतो, आणि २०१६ साली मगर, सरडा आणि साप यांच्या गर्भातही तो दाखवून दिला गेला. केस, पीस आणि खवला या तिघांतही साधारण तीच जनुकं काम करतात. त्यातलं ईडीए नावाचं एक बिघडलं तर दाढीवाल्या सरड्याला खवले येत नाहीत. माणसात बिघडलं तर केस विरळ, दात थोडे आणि घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. तरी पिसाला केस म्हणता येत नाही. पिसाचं मुख्य प्रथिन वेगळ्या घडणीचं, आणि पीस फांद्या फुटत वाढतं. पूर्वज एक, घराणी वेगळी.

काट्यांचं सोपं आहे. साळिंदराचे, हेजहॉगचे आणि अंडी घालणाऱ्या एकिड्नाचे काटे हे खरेच केस: जाड झालेले, पण कूपातून उगवणारे आणि तीच रचना असणारे. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या अंगावर असे सुमारे ३० हजार काटे असतात आणि टोकाला उलटे सूक्ष्म दाते, त्यामुळे रुतलेला काटा निघत नाही. साळिंदर काटे फेकत नाही. ते सहज सुटून येतात. मादागास्करचा एक टेनरेक, म्हणजे तिथला एक छोटा काटेरी सस्तन प्राणी, पाठीवरचे खास काटे एकमेकांवर घासून आवाज काढतो. सर्वांत कमाल पूर्व आफ्रिकेतल्या तुरेवाल्या उंदराची: तो विषारी झाडाची साल चावून लाळ कुशीवरच्या केसांना चोपडतो, आणि त्या केसांचं बाहेरचं कवच जाळीदार असल्याने विष आत मुरतं. चावायला गेलेला कुत्रा जिवाला मुकू शकतो.

गेंड्याचं शिंग मात्र केसांचं नाही, हे कितीही ठिकाणी छापलेलं असलं तरी. ते केराटिनचं आहे, आणि आडवं कापलं तर बारीक नळ्यांची गर्दी दिसते, म्हणून गैरसमज झाला. पण त्या नळ्या कूपातून येत नाहीत. त्वचेच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यांवरून वाढतात आणि मधली जागाही केराटिनच भरतं. घोड्याच्या खुराची घडण याच्या जवळची. खवल्या मांजराचे खवलेही केराटिनचे, पण रचनेने नखाच्या जवळचे. केराटिन असणं एवढ्यावर केस ठरत असता तर आपली नखंही केस म्हणावी लागली असती.

आता सस्तन सोडून बाहेर. कीटक आणि कोळी यांचा "केस" कायटिन या कठीण द्रव्याच्या कवचाचाच भाग असतो. माशीच्या पाठीवरचा एक राठ केस घेऊ. एकच मूळ पेशी विभागत जाते आणि तिच्या वंशातली एक पेशी केसाचा दांडा बनवते, दुसरी त्याची खाच, तिसरी चेतापेशी होते, चौथी तिचं आवरण. आपल्या एका केसात हजारो मेलेल्या पेशी असतात. माशीच्या केसाचा दांडा एका पेशीने स्वतःभोवती स्रवलेलं कवच असतं. कात टाकली की तोही जातो आणि नवा घडवावा लागतो. पण काम पाहिलं तर तरफेचंच. कोळ्याच्या पायावरचे काही केस इतके नाजूक बसवलेले असतात की उडणाऱ्या माशीच्या पंखांनी हललेली हवा त्यांना कळते. भुंग्यासारख्या जाड्या बंबल मधमाशीचे केस फुलाभोवतीच्या विद्युतक्षेत्राने हलतात, हे २०१६ साली मोजलं गेलं. सहारातल्या चंदेरी मुंगीचे केस आडव्या छेदात त्रिकोणी असतात. ते ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतात. आपल्याला केस ऊब देतात, तिला गारवा. मधमाशीचे फांद्या फुटलेले केस पराग धरतात. फुलपाखराच्या पंखांवरची भुकटी म्हणजे चपटे झालेले केसच.

सुरवंटाचे खाजरे केस आणि अमेरिका खंडांतल्या टॅरँटुला कोळ्यांचे केस हे शस्त्र आहे. तो कोळी मागच्या पायांनी पोटावरचे दातेरी केस उधळतो. डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं.

पालींत गेको घराण्याच्या बोटांखाली केसांसारखे लक्षावधी सूक्ष्म तंतू असतात. तेही केराटिनयुक्त, पण कूप नाही, आणि टोकाला शेकडो चपट्या शाखा, एकेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान. त्या पृष्ठभागाला इतक्या जवळ जातात की रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर पाल काचेवर टिकते. चिकट द्रव काही नाही. गांडुळाच्या अंगावरचे राठ तंतू पुन्हा कायटिनचे, पण कीटकांपेक्षा निराळ्या रीतीने घडणारे.

वनस्पतींत तर प्रथिनाचाही संबंध नाही. कापसाचा धागा म्हणजे बीच्या सालीवरची एकच पेशी, लांब होत होत तीन सेंटिमीटरच्या आसपास गेलेली आणि जवळजवळ निव्वळ सेल्युलोज उरलेली. मूलरोमही एकेका पेशीचा फुटवा. पानावरची लव हवेचा थर धरून ठेवते, ऊन परतवते, बारीक किड्यांची वाट अडवते. नेटल या झाडाचा केस टोकाला वाळूच्याच द्रव्याचा, म्हणजे सिलिकाचा. स्पर्श होताच टोक मोडतं आणि सुईसारखं आत जाऊन खाज आणणारी रसायनं सोडतं. खाजकुइलीच्या कुसात त्याच कामाला प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानावर मोजकेच केस असतात. साधारण २० सेकंदांच्या आत ते दोनदा हलले तरच पान मिटतं. इथेही दांडा तरफेचा, संवेदना बुडाशी. मांजराच्या मिशीशी याचं नातं शून्य आणि कल्पना तीच.

बॅक्टेरियांच्या अंगावरचे तंतू एका पेशीहूनही बारीक, प्रथिनाच्या रेणूंची नुसती माळ. आणि कानातल्या "केसपेशी": प्रत्येक कानात साधारण १५ हजार, त्यांच्या डोक्यावरचे तुरे अॅक्टिन या वेगळ्या प्रथिनाचे. तिथे केराटिन नाही, कूप नाही, केस नाही. सस्तन प्राण्यांत त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, पक्ष्यांत येतात.

पांढऱ्या केसांचं राहिलं. रंग केसात नंतर भरला जात नाही. बुडातल्या रंगपेशी तो घडतानाच पुरवतात. दर नव्या पाळीला रंगपेशींची नवी तुकडी कूपातल्या मूळपेशींमधून येते. तो साठा संपला की त्या कूपातून पुढचा केस बिनरंगी येतो. म्हणून बाहेर आलेला काळा केस रात्रीत पांढरा होऊ शकत नाही. मात्र काळे-पांढरे मिसळलेले असताना काळेच भराभर गळले तर तसं भासू शकतं. ताणाचा संबंध आहे का? उंदरांत तरी आहे: २०२० साली दाखवलं गेलं की ताणात चेतातंतूंतून सुटणारं नॉरअॅड्रेनलिन त्या मूळपेशींना एकदम कामाला जुंपतं आणि साठा कायमचा संपवतं. हेच चेतातंतू अंगावर शहारा आणतात.

शेवटी, कुणाला केस सापडला आणि कोणाचा हे विचारायचं असेल तर दोन सूचना. तो चिकटपट्टीने उचलू नका, कागदाच्या घडीत ठेवा आणि मूळ तोडू नका. मुळाशी पेशी असतील तर त्यातून पूर्ण डीएनए मिळू शकतो. नुसत्या दांड्यात मुख्यतः मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा डीएनए टिकतो, जो आईकडच्या सगळ्या नात्यात एकच असतो. जुन्या दांड्यातूनही नव्या तंत्रांनी बरंच काढता येतं: २००८ साली लोकरी मॅमथच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा, मोठा भाग केसांतूनच वाचला गेला. पण सूक्ष्मदर्शकाकडून जास्त मागू नका. तो प्राण्याची जात सांगतो, घराणं तर नक्की. "हा केस याच माणसाचा" असं तो सांगू शकत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या एफबीआयने मान्य केलं की तपासलेल्या जुन्या खटल्यांपैकी किमान ९० टक्क्यांत त्यांच्या तज्ज्ञांच्या केसांविषयीच्या साक्षीत चुकीची विधानं होती. माझ्याकडे असं पाकीट आलं की मी "मानवी केस" एवढंच लिहितो आणि पुढच्या ओळीत डीएनए चाचणी सुचवतो.